ग्रुपात नवीन पाव्हणं आलं की ॲडमिननं काय करायचं

पावसाळा लागला, आडसाली लागणीची गडबड सुरू झाली की उसाच्या ग्रुपांत रोज नवीन नंबर यायला लागतात. कोण करवीरचा, कोण शिरोळचा, कोण पुण्यात नोकरीला आणि वडलांची शेती आता बघायला लागलेला, कोण नुसतं दर काय निघाला ते बघायला आलेला. यातली बरीच माणसं एकदाच काहीतरी विचारतात, त्याला एकतर उत्तरच येत नाही किंवा "शंभरदा सांगून झालंय, वर बघा" असं येतं, आणि ती कायमची गप्प होतात. ग्रुप सोडत नाहीत, पण परत तोंडही उघडत नाहीत.

मी कोल्हापुरात असा उसाचा ग्रुप बरीच वर्षं सांभाळतोय, व्हॉट्सॲपवर आहे आणि टेलिग्रामवरपण आहे. खाली जे लिहिलंय ते ॲडमिन लोकांसाठी आहे. ग्रुप उसाचा असू दे, पेठेतल्या फुटबॉलचा असू दे, सह्याद्रीत फिरणाऱ्यांचा असू दे नाहीतर अपार्टमेंटचा, नवीन माणसाचं दुखणं सगळीकडं सारखंच असतंय. माझं म्हणणं असं आहे की नवीन माणसाला आत घ्या, फक्त सुरुवातीला त्याचा स्पीड कमी ठेवा, आणि नव्यावर जेवढं लक्ष ठेवताय त्यापेक्षा जास्त जुन्यांवर ठेवा.

दारात काय विचारायचं

व्हॉट्सॲपवर ग्रुपच्या सेटिंगमध्ये नवीन मेंबरना ॲडमिननं मंजुरी द्यायची सोय आहे, ती आधी चालू करा. लिंक स्टेटसला, फेसबुकच्या कमेंटमध्ये, दुकानाच्या काचेवर लावू नका, आणि लावली गेलीच असेल तर लिंक रीसेट करता येते, जुनी लगेच बंद पडते. फेसबुक ग्रुप असेल तर आत येण्याआधी ३ प्रश्न विचारायची सोय आहे. व्हॉट्सॲपवर तशी सोय नसली तरी मंजुरी देण्याआधी एक मेसेज टाकून तेच विचारता येतंय.

तीन प्रश्न पुरतात: गाव-तालुका कुठला, ऊस किती आहे का नवीन लावणार आहे, आणि ग्रुपचं कुणाकडनं कळलं. पहिल्या दोन प्रश्नांचा पुढं उत्तर देताना उपयोग होतो, तिसऱ्यानं खात्री होते. चौथा प्रश्न विचारायचा मोह होतो तो म्हणजे "कुठल्या कारखान्याचे सभासद?" हा विचारूच नका. दिसायला साधा प्रश्न आहे, पण आपल्या जिल्ह्यात कारखान्याचं नाव सांगितलं की माणूस कुठल्या गटाचा हे समोरच्याला लगेच कळतं, आणि निवडणूक लागलेली असेल तर त्याचा पहिला मेसेज यायच्या आधीच त्याच्याबद्दल मतं तयार झालेली असतात. आडनावावरनं चौकशी तर अजिबात नको.

आता उत्तरं कशी वाचायची. "हो", "ओके", "सगळं" असली उत्तरं आली तर जरा थांबा, परत विचारा. पण मोडकंतोडकं लिहिलंय, स्पेलिंग चुकलंय, सगळं एका दमात लिहिलंय, पूर्णविराम नाही, म्हणून कुणाला नाकारू नका. साठी ओलांडलेला माणूस नातवाच्या फोनवरनं लिहीत असतोय, त्याला हुमणीबद्दल (उसाची मुळं खाणारी अळी) जे माहीत आहे ते आपल्यातल्या निम्म्यांना माहीत नसतंय. असल्यांना सरळ सांगा, लिहायला जमत नसेल तर व्हॉईस मेसेज पाठवा, आम्ही ऐकतो.

अजून एक, ही गोष्ट बरेच ॲडमिन करत नाहीत: मंजुरी रात्री साडेअकराला झोपता झोपता देऊ नका. माणूस आत आला की पहिल्या तासाभरातच काहीतरी लिहितो, त्याला काय हवं असतंय म्हणूनच तर तो आलेला असतो. तेव्हा कुणीतरी ॲडमिन जागा पाहिजे. सकाळी आठ ते नऊ आणि संध्याकाळी धार काढून, जेवून मोकळं झाल्यावर, असं दोनदाच मंजुरी द्यायची ठरवून घ्या.

मेंबर वाढले की दुसरा घोळ होतो. व्हॉट्सॲप ग्रुपात १०२४ च्या वर माणसं बसत नाहीत. आकडा जवळ आला की कुणीतरी म्हणतंच, "जे बोलत नाहीत त्यांना काढा." मला हे पटत नाही. न बोलणारा माणूस वाचत असतो, आणि कुणी सांगावं, वाचून त्यानं यंदा साडेचार फुटाची सरी सोडली असेल. जागा कमी पडली तर तालुक्याप्रमाणं ग्रुप करा आणि व्हॉट्सॲपच्या कम्युनिटीत एकत्र जोडा, नाहीतर टेलिग्रामवर जा, तिथं २ लाखांपर्यंत माणसं मावतात. पण गप्प बसला म्हणून कुणाला घालवू नका.

स्वागत

गुच्छाचे फोटो, "हार्दिक स्वागत"ची पाटी, त्यावर पन्नास जणांचे हात जोडलेले इमोजी, यानं नव्याला काही कळत नाही आणि जुने ग्रुप म्यूट करतात. एकानंच स्वागत करायचं, शक्यतो त्याच तालुक्यातल्यानं. मजकूर असा काहीतरी ठेवा:

"नमस्कार पाव्हणं, मी कागलचा. ग्रुपात आलासा, बरं वाटलं. इथं उसाचं सगळं बोलतो, राजकारण आणि फॉरवर्ड सोडून. पहिला आठवडाभर लिंक आणि जाहिरात टाकू नका, प्रश्न मात्र आजपासून विचारा, कितीबी साधा असू दे. विचारताना गाव, जमीन कसली, वाण कुठला आणि लागण कधीची एवढं सांगा म्हणजे उत्तर नीट देता येतंय. काही अडलं तर मला पर्सनलला मेसेज करा."

एवढंच. नियमांची पंचवीस कलमांची यादी पहिल्या दिवशी कुणी वाचत नाही, ती ग्रुपच्या माहितीत ठेवा. स्वागताच्या मेसेजमध्ये जे आज लागणार आहे तेवढंच असावं. आणि त्यात "नियम मोडल्यास रिमूव्ह करण्यात येईल" हे वाक्य घालू नका, दारातच दम देऊन काय मिळतंय.

"पाव्हणं" म्हणायला काय हरकत नाही, आपल्याकडं अनोळखी माणसाला तेच म्हणतात, पण बाईमाणूस असेल तर नाव घेऊन पुढं ताई लावा, आणि नावावरनं कळत नसेल तर नुसतं नमस्कार आणि तुम्ही. तुम्ही हे महत्त्वाचं आहे, त्याबद्दल खाली लिहितो.

स्पीड कमी ठेवणे म्हणजे काय

मोठ्या साईट चालवणाऱ्यांनी हे लई आधी ओळखलंय. डिस्कोर्स नावाचं फोरम चालवायचं सॉफ्टवेअर आहे, २०१३ ला आलं, त्यात प्रत्येक मेंबरला विश्वासाची पायरी असते, ० पासून ४ पर्यंत. नवीन माणूस ० वर. त्याला एका पोस्टमध्ये २ च लिंक टाकता येतात, १ च फोटो, पहिल्या दिवशी ३ नवीन विषय आणि १० उत्तरं, यापेक्षा जास्त नाही, आणि दुसऱ्याला खाजगी मेसेजही करता येत नाही. हे आकडे चालवणाऱ्याला बदलता येतात, पण मुळात असे दिलेले आहेत. वरची पायरी कशी मिळते तर ५ विषय उघडून, ३० पोस्ट वाचून, आणि निदान १० मिनिटं वाचनात घालवून. म्हणजे कुणाला विनंती करायची नाही, ओळख लावायची नाही, नुसतं बसून वाचलं की दार आपोआप उघडतं. इंग्रजी विकिपीडियावर तसंच आहे, काही पानं अशी अर्धवट कुलूप लावलेली असतात की खातं ४ दिवस जुनं आणि १० संपादनं झालेली असल्याशिवाय तिथं हात लावता येत नाही, बाकी लाखो पानं पहिल्या मिनिटापासून मोकळी.

आपल्याकडं तालमीत हेच चालतं की. नवीन पोरगं आलं की वस्ताद त्याला पहिल्याच दिवशी तयार पैलवानाच्या जोडीला सोडत नाही, माती उकरायला लावतो, जोर मारायला लावतो, बाजूला उभं राहून बघायला लावतो. कुणी त्याला अपमान समजत नाही, कारण सगळ्यांनी तेच केलेलं असतंय आणि किती दिवस करायचं हे ठरलेलं असतंय. ग्रुपातपण या दोन गोष्टी सांभाळा. नियम सगळ्यांना सारखा पाहिजे, आमदाराचा पीए आला तरी, कारखान्याचा संचालक आला तरी. आणि मुदत आधी सांगितलेली पाहिजे. "बघू, विश्वास बसला की" असं म्हणालात की माणूस टांगणीला लागतो.

प्रत्यक्षात कसं करायचं ते ॲपवर अवलंबून आहे. टेलिग्रामवर सोपं आहे, एकेका मेंबरचे हक्क वेगळे ठेवता येतात, याला फक्त मजकूर, फोटो-लिंक नाही, असं, आणि सगळ्या ग्रुपाला स्लो मोड लावता येतो म्हणजे एका माणसाचा एक मेसेज झाला की ठरलेला वेळ गेल्याशिवाय दुसरा जात नाही, काही सेकंदांपासून १ तासापर्यंत. दर जाहीर होतो त्या दिवशी आम्ही हा लावतो. फेसबुकवर पोस्टला मंजुरी ठेवता येते. व्हॉट्सॲपवर एकट्याला रोखायची सोय नाही, तिथं एकतर सगळे बोलणार नाहीतर फक्त ॲडमिन, म्हणून तिथं नियम तोंडी ठेवावा लागतो: पहिला आठवडा लिंक नाही, फॉरवर्ड नाही, विक्री नाही. प्रश्न विचारण्यावर आणि उत्तर देण्यावर मात्र कधीच बंदी घालू नका. नवा आहे म्हणून त्याला शेतातलं कमी कळतं असं कुठं आहे, तो ग्रुपाला नवा आहे, उसाला नाही.

तोच तो प्रश्न

"८६०३२ लावू का २६५?" (हे उसाचे वाण) हा प्रश्न वर्षातनं किती वेळा येतो विचारू नका. जुन्यांना याचा वैताग येतो हे मला समजतं. पण "वर बघा" हे उत्तर बाद करा, सरळ नियमच करा. एक तर व्हॉट्सॲपवर नवीन माणसाला तो यायच्या आधीचं बोलणं आपोआप दिसत नाही, त्याच्या फोनमध्ये "वर" काही नसतंच, तुम्ही त्याला रिकाम्या खोलीकडं बोट दाखवताय. टेलिग्रामवर जुनं बोलणं नवीन मेंबरना दिसू द्यायचं का नाही याची सेटिंग आहे, ती दिसेल अशी ठेवा, पण तिथंपण हजारो मेसेजमधनं शोधायचं कुणी.

दुसरं म्हणजे तो प्रश्न दिसायला एक असला तरी एक नसतो. शिरोळकडं क्षारपड काळी जमीन असलेल्याला जे उत्तर आहे ते राधानगरीच्या तांबड्या मातीवाल्याला नाही. आडसाली (जुलै-ऑगस्टची लागण) लावणार का सुरू (जानेवारी-फेब्रुवारीची), ठिबक आहे का पाटपाणी, पुढं खोडवा (तोडलेल्या उसाला फुटून येणारं पीक) ठेवायचाय का, यावर सगळं फिरतं. म्हणून उत्तर देण्याआधी उलटा प्रश्न विचारायची सवय लावा. "दादा, गाव कुठलं, जमीन कसली, लागण कुठल्या महिन्यात?" एवढं विचारलं की नव्यालापण कळतं की इथं आपल्याकडं लक्ष दिलं जातंय, आणि पुढच्या वेळी तो स्वतःच सगळं सांगून विचारतो. नियम शिकवायची यापेक्षा चांगली पद्धत मला सापडलेली नाही.

फोटोचंही तसंच. पिवळं पडलेलं एक पान, खाली "हे काय झालंय". त्याला हसू नका, सांगा की पानाचा जवळनं एक, सगळ्या बेटाचा एक, आणि उपटून मुळाचा एक असे तीन फोटो टाका, खत कधी काय टाकलं ते लिहा. हुमणी मुळात असते, पानाच्या फोटोत ती कशी दिसणार.

नेहमीची उत्तरं लिहून ठेवा आणि हंगामाप्रमाणं पिन करत जा. व्हॉट्सॲपवर एका वेळी ३ मेसेज पिन करता येतात, २४ तास, ७ दिवस नाहीतर ३० दिवस. जुलै-ऑगस्टला आडसालीचं, ऑक्टोबर-नोव्हेंबरला पूर्वहंगामीचं, जानेवारी-फेब्रुवारीला सुरूचं, तोड झाली की खोडव्याचं. पहिला वळीव पडला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी कडुलिंब, बाभळीवर गोळा होतात, त्या आठवड्यात तेच पिन पाहिजे, बाकी सगळं काढा. ३० दिवस झाले की पिन निघून जातो, ती तारीख फोनमध्ये लावून ठेवा.

औषधाच्या प्रमाणाबद्दल मात्र कडक राहा. नवा असू दे जुना असू दे, "पंपाला दोन झाकणं मार" असलं उत्तर आलं की डिलीट. बाटलीवरच्या लेबलचा फोटो टाकायचा आणि त्यावर जे आहे ते सांगायचं. शंका असली तर आपल्याकडं कोल्हापुरातच प्रादेशिक ऊस व गूळ संशोधन केंद्र आहे, तिथं जाऊन विचारायला सांगा.

जुनी माणसं

हा भाग सगळ्यात अवघड आहे आणि ॲडमिन लोक इथंच डोळेझाक करतात, कारण जुना म्हणजे ओळखीचा, कधीकधी भावकीतला.

इंटरनेटवर नवी-जुनी भांडणं काल सुरू झालेली नाहीत. यूजनेट म्हणून जुनी चर्चेची जागा होती, तिथं दर सप्टेंबरला अमेरिकेतल्या कॉलेजांत नवीन पोरं यायची, गोंधळ घालायची, जुने त्यांना महिनाभरात रीत शिकवायचे आणि शांत व्हायचं. १९९३ च्या सुमाराला घरोघरी इंटरनेट देणाऱ्या कंपन्यांची माणसं तिथं लोटायला लागली आणि तो लोंढा थांबलाच नाही, म्हणून त्याला जुने लोक न संपणारा सप्टेंबर म्हणायला लागले. आपला जुलै तसाच आहे. फरक इतकाच करायचा की शिकवायची जबाबदारी वाटून घ्यायची, एकदोघांवर सगळं पडलं की त्यांची चिडचिड नव्यावर निघते.

स्टॅक ओव्हरफ्लो ही प्रोग्रॅमिंगचे प्रश्न विचारायची साईट २००८ पासूनची, कम्प्युटर शिकलेलं घरातलं कुठलंबी पोर सांगेल तुम्हाला. तिथं प्रश्न जरा इकडचा तिकडं झाला की बंद, वरनं बोलणी. २०१८ मध्ये कंपनीनं स्वतःच लिहून मान्य केलं की आपण नव्यांशी नीट वागत नाही, खास करून नवशिक्यांशी, स्त्रियांशी आणि ज्यांना नेहमी बाजूला ठेवलं जातं अशांशी, आणि मग नवीन माणसाच्या पोस्टखाली हा नवा आहे, सांभाळून घ्या असा शिक्का यायला लागला. विकिपीडियाचं तर अजून शिकण्यासारखं आहे. इंग्रजी विकिपीडियावर नियमित काम करणाऱ्यांची संख्या २००७ नंतर घसरायला लागली, आणि २०१३ मध्ये छापून आलेल्या एका अभ्यासात दिसलं की चांगल्या मनानं काम करायला आलेल्या नव्यांची कामं लगेच उलटवली जात होती, मशीननं तयार केलेले इशारे पाठवून, आणि ती माणसं परत येत नव्हती. घाण रोखायला जे बसवलं होतं त्यानंच येणारी चांगली माणसं रोखली. विकिपीडियाची नवागतांना चावू नका अशी लेखी सूचना आहे, तरीपण हे झालं. म्हणजे नुसता नियम लिहून भागत नाही.

आता आपलं कोल्हापूरचं एक वेगळं. आपण प्रेमानं बोलतानापण शिवी दिल्यासारखं बोलतो. "काय लेका, एवढं पण कळत नाही व्हय" हे गंगावेशीत दूध पिताना एखाद्याच्या खांद्यावर हात टाकून म्हटलं की प्रेम असतंय. तेच अनोळखी माणसाला लिहून पाठवलं की खांद्यावरचा हात जात नाही, नुसतं वाक्य जातं. तिकडं लातूरचा नाहीतर नगरचा माणूस असेल, किंवा कोल्हापूरचीच पण लहानपणापासनं मुंबईत वाढलेली पोरगी असेल, त्यांना वाटतं हाकललं आपल्याला. म्हणून नियम असा: नव्याशी तुम्ही, तो स्वतः मोकळा होईपर्यंत. आपापसात काय लेका-भावा चालू द्या, त्यावर बंदी घातली तर ग्रुप मेलाच.

आणि एखादा जुना जाणता माणूस नव्याला टाकून बोललाच तर काय करायचं? ग्रुपात त्याला झापू नका, त्याचा इगो उभा राहतो आणि मग तो नव्यावरच डूख धरतो. ग्रुपात फक्त नव्याला उत्तर द्या, जणू पहिल्यांदाच प्रश्न आलाय असं, नीट, सविस्तर. आणि जुन्याला फोन करा, मेसेज नको, फोन. "अण्णा, तुमचं उत्तर बरोबर होतं हो, पण पोरगं नवीन आहे, घाबरलं. तुम्हीच त्याला जरा सांगा की सरीचं." बहुतेक वेळा अण्णा स्वतः त्या पोराला फोन लावतात आणि अर्धा तास बोलतात. नाही ऐकलं, परत तेच केलं, तर मात्र नव्याला जी शिक्षा तीच अण्णाला. इथं हात आखडता घेतला की सगळा ग्रुप बघत असतो.

शेतकरी म्हणून आलेले विक्रेते

नवा नंबर येतो, दुसऱ्या दिवशी सांगतो अमुक लिक्विड सोडलं आणि फुटवे बघण्यासारखे आले, फोटो टाकतो. तासाभरात दुसरा नवा नंबर विचारतो, "कुठं मिळतंय हे?" पहिला म्हणतो पर्सनलला या. दोघं एकाच दिवशी ग्रुपात आलेले असतात, आणि गावाच्या प्रश्नाला दोघांचं उत्तर गुळमुळीत असतं. ही जोडी ओळखायला शिका. लगेच काढू नका, आधी सगळ्यांसमोर साधा प्रश्न विचारा: किती क्षेत्रावर वापरलं, शेजारी न वापरलेली सरी ठेवली होती का, तिचा फोटो टाका. खरा शेतकरी असेल तर टाकतो, नसेल तर रात्रीत ग्रुप सोडतो. नव्या माणसाला चोर ठरवायची पाळीपण येत नाही.

पण विक्रेता म्हणजे वाईट असं धरून चालू नका. कृषी सेवा केंद्र चालवणाऱ्याला, रोपवाटिकावाल्याला खूप माहिती असते. आमचा नियम असा आहे की विकत असाल तर नावापुढं तसं लिहा, आठवड्यातला एक दिवस जाहिरातीला मोकळा, आणि इतर दिवशी सल्ला द्या पण स्वतःच्या मालाचं नाव घेऊ नका. उघड सांगणाऱ्याशी कुणाचं भांडण नाही.

बायकांचे नंबर

व्हॉट्सॲप ग्रुपात आलं की नंबर सगळ्यांना दिसतो, आणि शेती बघणाऱ्या बायका ग्रुपात कमी का येतात याचं मोठं कारण हेच आहे. प्रश्न विचारला उसाचा आणि रात्री दहाला तीन अनोळखी लोकांचे "हाय". यात इशारा-बिशारा काही नाही, स्क्रीनशॉट ॲडमिनकडं आला की काढायचं, कितीबी जुना असू दे, आणि ग्रुपात कारण लिहायचं, तक्रार करणाऱ्या बाईचं नाव न घेता. स्वागताच्या मेसेजमध्ये ताईंना ॲडमिन ताईचा नंबर द्या, आणि एक तरी ॲडमिन बाई पाहिजेच. टेलिग्रामवर नंबर लपवता येतो, ते कसं करायचं हे स्वागतातच सांगा.

चुकलं तर

नव्यानं नियम मोडला तर पहिल्यांदा मेसेज डिलीट आणि पर्सनलला दोन ओळी, का काढला आणि काय केलं असतं तर चाललं असतं. ही दुसरी ओळ लई जण विसरतात. व्हॉट्सॲपवर ॲडमिननं मेसेज काढला की ॲडमिननं काढला असं सगळ्यांना दिसतं, म्हणून कारण न सांगता काढलं की त्या माणसाची उगाच नाचक्की होते. दुसऱ्यांदा परत पर्सनलला, जरा स्पष्ट. तिसऱ्यांदा काही दिवस बाहेर, तारीख सांगून, आणि त्या तारखेला स्वतः होऊन परत लिंक पाठवायची, त्यानं मागायची वाट बघायची नाही. ॲडमिन लोकांचा वेगळा ग्रुप ठेवा, त्यात कुणाला कशाबद्दल काय सांगितलं ते एका ओळीत लिहा, नाहीतर एक ॲडमिन काढतो, दुसरा घेतो, आणि त्यात भांडणं लागतात.

ॲडमिनवर केस होते का, हे सगळे विचारतात. मुंबई हायकोर्टाच्या नागपूर खंडपीठानं २०२१ मध्ये सांगितलंय की मेंबरनं काही आक्षेपार्ह टाकलं म्हणून नुसता ॲडमिन आहे एवढ्यावर त्याला दोषी धरता येत नाही, दोघांचं आधीपासनं संगनमत असल्याचं दिसलं पाहिजे. हे खरं आहे, पण म्हणून पडलेली घाण तशीच ठेवायची असं नाही. जून २०२३ मध्ये स्टेटसवरनं आपल्या शहरात दंगल झाली, इंटरनेट बंद ठेवायची वेळ आली, ते आपण बघितलंय. धर्म, जात, महापुरुष यावरचं चिथावणारं काहीही, ते नव्यानं टाकलं का जुन्यानं हे न बघता आधी काढा, मग बोला.

पूर आला की सगळे नियम बदलतात

हे वेगळं लिहितोय कारण २०१९ आणि २०२१ ला हे सगळं जवळनं बघितलंय. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदी ३९ फुटाला इशारा पातळीवर येते आणि ४३ ला धोका पातळी. ३९ झालं की ग्रुपात अशी माणसं यायला लागतात ज्यांचा उसाशी संबंध नाही, आईवडील चिखलीत, आंबेवाडीत नाहीतर शिरोळकडं आहेत, फोन लागत नाही, कुणाचातरी ग्रुप सापडला म्हणून आलेली. त्यांना तीन प्रश्न विचारत बसू नका. मंजुरीची अट बंद करा, दार उघडं टाका, एक आठवड्याचा नियमपण बाजूला. विचारू दे ज्याला जे विचारायचंय.

पण बातमीवर मात्र कुलूप घाला. राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, कुठला रस्ता बंद, याच्या अफवा पाण्यापेक्षा जोरात पळतात, आणि २०१९ चा व्हिडिओ आजचा म्हणून फिरतो. पातळीचा आकडा फक्त ठरलेल्या दोघातिघांनी टाकायचा, प्रशासनाकडनं आलेला, वेळेसकट. बाकी कुणीही आकडा किंवा व्हिडिओ टाकला तर लगेच डिलीट, आणि खाली एकच ओळ: "खात्री करून टाकतोय, थांबा." व्हिडिओ पाठवणारा घाबरलेला असतो, त्यालाही पर्सनलला दोन शब्द बोला. मदत मागणारे मेसेज वर जाऊन हरवतात म्हणून त्यांच्यासाठी वेगळा ग्रुप करा आणि त्याची लिंक पिन करा. पाणी उतरल्यावर या माणसांना लगेच काढायची घाई करू नका, ज्यांना जायचंय ते स्वतः जातात, काही राहतात आणि त्यातलीच काही पुढं कामाची निघतात.

ॲडमिन निवडताना

दरवर्षी एक ॲडमिन नवा घ्या, आणि तो मागच्या हंगामात आलेला असू दे, सगळ्यात जुना नको. प्रश्न विचारायला तो कधी बिचकला, कोण काय बोललं, कुणी फोन करून सांगितलं, हे त्याच्या ताजं लक्षात असतंय. त्याला पहिलं काम द्यायचं ते स्वागताचा मेसेज परत लिहायचं, कारण त्यातली कुठली ओळ त्याला कळली नव्हती ते त्यालाच माहीत असतंय. जुन्या ॲडमिननी त्यात फक्त चुकीचं काही गेलंय का तेवढं बघायचं, भाषा त्याचीच ठेवायची. आणि हे काम मे महिन्यात उरकून घ्या, जून लागला की कुणाला सवड मिळत नाही.